ट्रकची गळकी काच

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा माझा नवरा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेला आणि मी गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये सासूसासऱ्यांबरोबर राहिले. तेव्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असंच पाठवायचे. मीटिंगमध्ये नाव निघालं की पंधरवड्यात माणूस विमानात. मीही त्याच क्षेत्रातली, नोएडाच्या एका कंपनीत; पण माझं नाव काही निघालं नाही.

सासूबाईंना मी आई म्हणायचे, सासऱ्यांना बाबा. ते मला काय म्हणायचे? आई तरी "अगं" म्हणायच्या. बाबा काहीच म्हणायचे नाहीत. नाव नाही, सूनबाई नाही, अगं-तुगं नाही. चहा हवा असला तर समोरच्या भिंतीकडे बघून "चहा मिळेल का जरा" असं म्हणायचे. मी पुण्याची, मराठी ख्रिस्ती घरातली. आमच्या रजिस्टर लग्नाला दोघं आले होते, नीट जेवले होते, माझ्या आईवडिलांशी मोकळेपणाने बोलले होते. राग अजिबात नव्हता. पण माझ्याशी बोलायचं ते कसं, हे बाबांना ठरवता येत नसावं. मला तरी कुठे येत होतं? नवरा होता तोवर इकडचं बोलणं तिकडे तोच पोचवायचा. तो गेला आणि जेवणाच्या टेबलावर ताटवाट्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

बाबा केंद्र सरकारच्या बागा सांभाळणाऱ्या खात्यात अधिकारी होते. नोकरीची बरीच वर्षं दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली, तीही तळमजल्यावर. पुढे गुलाब, मागे मेथी-पालक, कुंपणाला मधुमालती. रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं आणि फंडाच्या पैशातून गाझियाबादला चौथ्या मजल्यावरचा हा फ्लॅट आला. सगळी वसाहतच नवी. बिल्डिंगा उभ्या राहात होत्या, दोन बिल्डिंगांच्या मधे अजून गव्हाचं शेत होतं, रस्त्यावर म्हशी होत्या. सकाळी बाबा बाल्कनीत उभे राहायचे आणि त्या शेताकडे बघत बसायचे. बाल्कनीत कुंड्या होत्या, पण त्यांना पाणी घालून संपायला कितीसा वेळ लागतो?

एकदा जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मी ट्रक घेतोय."

आईंचा घास हातातच राहिला. "काय घेताय?"

"ट्रक. छोटा. या सगळ्या सोसायट्यांमधून बाल्कन्या आहेत बघ. माणसं पुण्या-कलकत्त्याहून, कुठून कुठून आलीयत. झाडं लावायची हौस आहे, माती कुठे मिळते माहीत नाही. नर्सरीतून रोपं आणायची, कुंड्या भरून द्यायच्या, कसं जगवायचं ते सांगायचं."

"लोक रिटायर झाल्यावर कार घेतात," आई म्हणाल्या. "आर. के. पुरमच्या बायकांना मी काय सांगू? साहेब आता कुंड्या विकतात?"

"सांग की," बाबा म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

ट्रक आला. पांढराशुभ्र, पुढे छोटी केबिन, मागे उघडा हौदा. केबिनमध्ये ड्रायव्हर धरून जेमतेम तिघं मावतील अशी एक सलग सीट, आणि सीटच्या मागे एक आडवी काच, बाहेरून लोखंडी जाळी लावलेली. म्हणजे मागे काय भरलंय ते वळून बघता यावं. आईंनी तोंड फुगवलेलं असलं तरी पूजा साग्रसंगीत केली. हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मी बाजूला ताट धरून उभी होते. त्यांनी अचानक विचारलं, "तुमच्यात काय करतात गं नव्या गाडीला?"

"प्रार्थना करतो."

"मग कर की. उभी काय राहिलीस?"

मी गांगरले. मग बॉनेटवर हात ठेवून दोन वाक्यांची प्रार्थना केली. बाबा डोकं खाली घालून उभे होते. माझं "आमेन" झाल्यावर त्यांनीही काहीतरी पुटपुटलं आणि पटकन ट्रकमध्ये जाऊन बसले.

थंडीचा मोसम, म्हणजे दिल्लीत फुलझाडांचा मोसम. बाबा सकाळी लवकर नर्सरीत जायचे, शेवंती, पेट्यूनिया, झेंडू भरून आणायचे, हौद्यातच त्यांना झारीने चांगलं पाणी घालायचे आणि मग सोसायट्या हिंडायचे. आयुष्यभर स्कूटर चालवलेला माणूस. रिटायर झाल्यावर ड्रायव्हिंग शिकला. त्यामुळे ट्रक ते स्कूटरसारखाच चालवायचे, वळताना थोडे कलून.

गळतीचा पत्ता आधी आईंना लागला. दुपारी बाबा घरी आले की शर्ट पाठीवर ओला. "अहो, डिसेंबरात घाम?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, काम असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आईंनी शर्ट नाकाला लावून बघितला. "घामाला मातीचा वास येतो का?" असं म्हणून त्यांनी तो धुवायला टाकला. विषय तिथेच राहिला.

मग एका सकाळी इतकं धुकं होतं की माझी चार्टर्ड बस चुकली. त्या बसमध्ये सगळे ऑफिसवालेच असायचे आणि ती कुणासाठी थांबायची नाही. मी परत घरी आले तर बाबा निघतच होते. भिंतीकडे बघून म्हणाले, "मला नोएडाच्या बाजूलाच जायचंय."

मी ट्रकमध्ये बसले. मागे शेवंती. सारा रस्ता आम्ही दोघं समोरच्या धुक्याकडे बघत होतो आणि बोलायची गरज पडत नव्हती, कारण ते धुकंच बघण्यासारखं होतं. ऑफिसच्या दारात उतरले तेव्हा पाठीला गार लागलं. हात लावून बघितलं तर कुडता खांद्यापासून कमरेपर्यंत चिंब. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "यार, नहाके सीधे ऑफिस आ गई क्या?" दिवसभर मी शाल पांघरून बसले.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते एकदम ओशाळले. "तुमचंही भिजलं? मला वाटलं माझ्याच बाजूला येतंय."

तुमचंही! सासऱ्यांनी सुनेला अहो-जाहो केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पण निदान ते भिंतीला उद्देशून नव्हतं.

आम्ही खाली जाऊन बघितलं. झाडांना घातलेलं पाणी काचेवर उडत होतं, काचेच्या कडेच्या रबरातून कुठूनतरी आत शिरत होतं आणि सीटच्या पाठीमागे जमून स्पंजात मुरत होतं. स्पंज दाबला तर पिळल्यासारखं पाणी निघालं.

"बाबा, गाडी नवी आहे. वॉरंटीत असेल."

"असेल का?" त्यांना शंका होती. त्यांच्या पिढीला हा प्रकार नवाच. वस्तू मिळाली हेच मोठं, ती गळली तर आपण लांबी भरायची आणि वापरायची. विकून झाल्यावर विकणारा दुरुस्त करून देतो, तेही फुकट, यावर विश्वास बसायला त्यांना जरा वेळ लागला.

शनिवारी मला सुट्टी असायची. आम्ही साहिबाबादच्या बाजूला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. चकचकीत फरशी, गार हवा, टीव्ही, कॉफीचं मशीन, कोपऱ्यात प्लॅस्टिकची झाडं. टाय लावलेला एक तरुण पुढे आला. "सर, आप बिल्कुल टेंशन मत लीजिए. वॉरंटी में है. आप कॉफी लीजिए." बाबा कॉफीचा कप घेऊन सोफ्यावर बसले आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "सर म्हणतात! आमच्या ऑफिसात लोक दुपारपर्यंत उभे असायचे. माझ्याच टेबलासमोर." आणि स्वतःच हसले. नव्या जमान्यावर ते त्या सकाळी खूश होते. फक्त प्लॅस्टिकच्या झाडांकडे बघून त्यांनी मान हलवली.

त्या लोकांनी काचेच्या खालच्या कडेला काळं सीलंट भरून दिलं. दोन-चार दिवस पाठ कोरडी राहिली. मग परत ओली.

पुन्हा गेलो. या वेळी त्यांनी ट्रक धुण्याच्या जागेवर नेला, मागून नळी मारली, आणि टायवाला तरुण येऊन म्हणाला, "सर, एक बूँद नहीं आई." बाबांनी ते मान्य केलं. त्यांचं तसं होतं, समोरचा नीट बोलला की त्यांना आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. मग त्यांनी दुसऱ्या बाजूने पाणी घालून बघितलं, काचेवर प्लॅस्टिक बांधून बघितलं, आणि प्लॅस्टिक वाऱ्याने उडून मागून येणाऱ्या रिक्षावाल्याच्या तोंडावर गेल्यावर तेही सोडून दिलं. आईंनी जेवणाच्या टेबलावरचं जुनं रेक्झीन काढून सीटवर अंथरलं. आता पाठ कोरडी, पण ब्रेक दाबला की आम्ही दोघं घसरत पुढे.

दोघं म्हणते, कारण तोवर मी बस सोडून दिली होती. त्याचं ठरवून असं काही झालं नाही. रोज सकाळी ते खाली हॉर्न वाजवायचे आणि मी जायचे. रस्त्यात ते झाडं दाखवायचे. हा अर्जुन, हा कुसुम, ही सप्तपर्णी. हा कडुनिंब कुणीतरी चुकीच्या वेळी छाटलाय. एकदा विचारलं, "तुम्ही दिवसभर काय टाइप करता?" मी सांगितलं की अमेरिकेतल्या एका बँकेच्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधते. त्यांनी ब्रेक दाबून एका म्हशीला वाट दिली. मग म्हणाले, "म्हणजे कीड काढता."

तिसऱ्या वेळेस वर्कशॉपच्या मॅनेजरनेच आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. अंगाने भरलेला, कडक इस्त्रीचा शर्ट, टाय. त्याने आधी हौद्यात चिकटलेली माती बघितली होती.

"अंकलजी, आप पीछे फव्वारा चलाते हैं क्या?"

"पौधों को पानी देता हूँ," बाबा म्हणाले.

"वही तो. ये माल ढोने की गाड़ी है. पीछे से रोज़ पानी मारेंगे तो अंदर आएगा ही. इसको मिसयूज़ बोलते हैं. मिसयूज़ वॉरंटी में नहीं आता."

"पौधों को पानी तो देना पड़ता है."

"तो नीचे उतारके दीजिए ना."

बाबा "अच्छा," म्हणून उठले. बाहेर येऊन ट्रकमध्ये बसले, किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "तसं त्याचं बरोबर आहे. उतरवूनच पाणी घालायला हवं. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

मला इतका राग आला होता की मी मोठ्यानेच म्हणाले, "बाबा, आणि पावसाळ्यात काय करायचं? पाऊसपण खाली उतरवून पाडायचा का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मग ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढून पुसावा लागला. मी त्यांना असं हसताना तोवर बघितलं नव्हतं. मीही हसायला लागले. वॉचमन वाकून बघायला लागला तेव्हा त्यांनी गाडी सुरू केली.

"परत आत जाऊन हेच सांगू या त्याला," मी म्हटलं.

"आज नको," ते म्हणाले. "आज हसू आलं ना, आता भांडता नाही येणार."

घरी स्वयंपाकघरात मी आईंना सगळं सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. "मिसयूज म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"यांना?"

"हो."

लाटणं थांबलं. त्या ट्रकला आई स्वतः रोज नावं ठेवायच्या. माळीबुवांचा छकडा म्हणायच्या. पण ते त्या म्हणायच्या. टाय लावलेल्या परक्या माणसाने नवऱ्याला असं काही म्हणावं, हे त्यांना अजिबात खपलं नाही.

"पाणी येतं कुठून?" त्यांनी विचारलं.

"खाली जमतं, सीटच्या मागे."

"जमणार खालीच. येतं कुठून ते विचारतेय मी."

ते कुणालाच माहीत नव्हतं. ना मला, ना बाबांना, ना वर्कशॉपवाल्यांना. आम्ही सगळे खालीच बघत होतो. आईंनी पोळी तव्यावर टाकली. "आर. के. पुरमला आपल्या बाथरूमचं छत गळायचं, आठवतं का?" हे बाहेरच्या खोलीतल्या बाबांना उद्देशून होतं. "डाग एकीकडे आणि भोक भलतीकडे. शनिवारी मी येते तुमच्याबरोबर."

शनिवारी त्या खरंच आल्या. चांगली साडी, वर शाल, हातात कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते सांगेनात. ट्रकमध्ये त्या पहिल्यांदाच बसत होत्या. मधे मी, दाराशी त्या. रेक्झीनवरून पहिल्याच ब्रेकला घसरल्या आणि म्हणाल्या, "असे जाता होय रोज तुम्ही?"

वर्कशॉपमध्ये त्यांनी कॉफी नाकारली. "मेरे को मैनेजर से मिलना है." दिल्लीत जन्म गेला तरी आईंचं हिंदी शेवटपर्यंत मराठीच राहिलं. मॅनेजर आला. त्या बसून राहिल्या, तो उभा.

"बेटा, पानी किधर से आता है, वो आपने देखा?"

"माताजी, हमारे टेस्ट में तो पानी आता ही नहीं."

"टेस्ट किया तब अंदर कौन बैठा था?"

तो थबकला. आत कुणी बसलं नव्हतं. बाहेरून नळी मारायची आणि नंतर दार उघडून खाली हात फिरवायचा, एवढीच त्यांची टेस्ट. पाणी काचेच्या वरच्या भागापर्यंत जातंय का, हेही कुणी बघत नव्हतं.

"तो आप बैठो अंदर."

मॅनेजरने स्वतःच्या इस्त्रीकडे बघितलं. आई म्हणाल्या, "ठीक है. मेरा बहू बैठेगा."

मग पिशवीतून टाल्कम पावडरचा डबा निघाला. आई केबिनमध्ये चढल्या, आणि काचेच्या चारी बाजूंच्या रबरावर, काचेच्या कडेवर, पत्र्यावर पफने पावडर थोपत सुटल्या. केबिनमध्ये लहान बाळाला न्हाऊमाखू घातल्यासारखा वास पसरला. "पाणी गेलं की पावडरीत वाट दिसेल," त्या मला म्हणाल्या. "तू डोळा हलवू नकोस." मी सीटवर गुडघे टेकून मागे तोंड करून बसले. दारं लावून घेतली. बाबा झारी घेऊन हौद्यात चढले. एक मेकॅनिक नळी द्यायला आला, पण ते म्हणाले, नको, रोज जसं घालतो तसंच घालतो.

आता आमच्या दोघांमध्ये ती काच. पलीकडे जाळी, जाळीपलीकडे बाबांचा चेहरा, तोही काचेवरच्या पाण्याने हलल्यासारखा दिसणारा. त्यांनी आधी खालच्या कडेला पाणी घातलं. काही नाही. मग बाजूंना. काही नाही. मॅनेजर हाताची घडी घालून उभा होता, तो जरा सैलावला. मग बाबांनी झारी वर नेली आणि जाळीच्या वरच्या पट्टीवर धरली, जिथे रोज शेवंतीला पाणी घालताना ते न कळत उडायचं.

पावडरीत एक करडी रेघ उमटली. वरच्या कोपऱ्यात. आधी केसाएवढी, मग जाड, आणि मग ती रबराच्या कडेकडेने वळत वळत खाली निघाली.

मी ओरडले, पण बाहेर ऐकू गेलं नसावं. बाबा काचेला जवळजवळ नाक लावून विचारत होते, "काय दिसतंय? अगं, बोल की! अगं पोरी, येतंय का पाणी?"

"येतंय! वरून येतंय! डावीकडून!"

"तुझ्या डावीकडून की माझ्या?"

"माझ्या!"

"म्हणजे माझ्या कुठल्या?"

मी काचेवर बोट टेकवलं. त्यांनी जाळीतून बोट घालून बाहेरून नेमकं तिथेच टेकवलं. ते बोट मी काढेना, आणि तेही काढेनात, जणू बोट काढलं तर जागा पळून जाईल. तिकडे झारीतलं उरलेलं पाणी त्यांच्याच बुटांवर सांडत होतं.

आईंनी दार उघडलं. "देखो बेटा."

आता मात्र मॅनेजर स्वतः आत वाकला. रेघ बघितली. रबर अंगठ्याने दाबलं. रबराची सलग पट्टी काचेभोवती फिरवून तिची दोन टोकं जोडलेली असतात. ती जोड त्या वरच्या कोपऱ्यात जाळीच्या आड होती आणि नीट मिटलेलीच नव्हती. पाणी तिथून रबराच्या पोटात शिरत होतं आणि आतल्या आत फिरून खाली बाहेर पडत होतं. आणि हे लोक खाली सीलंट भरत होते. मॅनेजर बाहेर आला तेव्हा त्याच्या टायवर, मिशीवर पावडर होती.

"माताजी, ये तो फैक्टरी का डिफेक्ट है," तो म्हणाला. "मिसयूज़ वाली बात मैं वापस लेता हूँ."

"मेरे को मत बोलो," आई म्हणाल्या. "उनको बोलो."

तो हौद्याकडे वळला आणि त्याने बाबांना खरोखर हात जोडले. बाबांची भयंकर पंचाईत झाली. "अरे नहीं नहीं, कोई बात नहीं," म्हणत ते घाईघाईने खाली उतरले, आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "आपके यहाँ वो प्लास्टिक के पौधे क्यों रखे हैं? इतनी अच्छी धूप आती है."

नवं रबर आणि काच कारखान्यातून यायची होती. येईपर्यंत आई रोज सकाळी पूजा झाली की वर्कशॉपला फोन करायच्या. मॅनेजरला त्यांच्या फोनची इतकी सवय झाली की एकदा आईंना ताप होता म्हणून फोन गेला नाही, तर त्यानेच केला. रविवारी नवऱ्याचा फोन यायचा. त्याला आम्ही काचेची हकीगत सांगायचो, तिघंही रिसीव्हरभोवती गोळा होऊन, एकमेकांचं वाक्य तोडत. एका रविवारी तो वैतागून म्हणाला, "एवढं काय त्या काचेचं? विकून टाका ना ट्रक."

"तू तुझं काम कर," आई म्हणाल्या.

काच आली. बसवली. आईंनी पावडरचा डबा या वेळीही नेला होता, आणि त्यांची पावडर थोपून होताच मॅनेजर स्वतः टाय काढून केबिनमध्ये जाऊन बसला. बाबांनी झारीने मनसोक्त पाणी घातलं. पावडर कोरडी राहिली. रबराची पट्टी या वेळी त्यांनी उलटी फिरवून जोड खाली आणली होती आणि वरून सीलंट दिलं होतं. आम्ही निघालो तेव्हा वर्कशॉपच्या त्या चकचकीत हॉलमध्ये बाबांच्या चार कुंड्या होत्या. एरिका पाम, दोन मनीप्लांट आणि एक शेवंती. शेवंती आत जगणार नाही, हे बाबांनी मॅनेजरला बजावून सांगितलं होतं, पण त्याला तीच आवडली.

त्यानंतर आईंचा त्या ट्रकशी काय समेट झाला कोण जाणे. संक्रांतीचं हळदीकुंकू आर. के. पुरमला जुन्या शेजारणीकडे होतं. तिथे त्या ट्रकनेच गेल्या. आम्ही दोघी पुढे, मागे झेंडूच्या छोट्या कुंड्या, वाण म्हणून वाटायला. बाबांना त्यांनी ट्रक पार दारापर्यंत घ्यायला लावला. बायका बाहेर आल्या. "अय्या, हा साहेबांचा ट्रक?" कुणीतरी विचारलं. "आमचा," आई म्हणाल्या. त्या दुपारी चार जणींच्या घरच्या कुंड्यांची ऑर्डर त्यांनीच घेतली. हळदीकुंकवाचा करंडा माझ्यापाशी आला तेव्हा यजमानीण घुटमळली आणि तिने आईंकडे बघितलं. आई म्हणाल्या, "मला काय विचारतेस? तिला विचार." मी म्हटलं, मला तिळगूळ जास्त द्या. तिने खरंच मूठभर दिला.

उन्हाळा सुरू व्हायच्या सुमाराला नवरा परत आला. त्याला आणायला टॅक्सी करू या, असं मी सुचवलं होतं. बाबा म्हणाले, "घरची गाडी असताना टॅक्सी कशाला?" आणि आई आधीच जाऊन बसल्या. विमानतळावर तो दोन मोठ्या सुटकेस ढकलत बाहेर आला, आम्हाला भेटला, आणि पार्किंगमध्ये ट्रक बघून थांबला.

"यात?"

"का? काय वाईट आहे?" आई म्हणाल्या.

सुटकेस हौद्यात चढवल्या. मग तो केबिनच्या दाराशी आला. स्टिअरिंगशी बाबा, मधे मी, दाराशी आई. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. जागा कुणाचीच हलण्यासारखी नव्हती.

"तू मागे बस," बाबा म्हणाले. "सुटकेसला टेकून. मी हळू चालवतो."

तो बसला. बिचारा सारा रस्ता काचेवर टकटक करून काहीतरी विचारत होता. मी वळून बघायचे, त्याचे ओठ हलताना दिसायचे, पण नवं रबर इतकं घट्ट बसलं होतं की एक शब्द आत येत नव्हता. बाबा मला रस्त्याकडेचे अमलतास दाखवत होते, अजून फुलायला वेळ होता. घरी पोचलो तेव्हा त्याच्या भुवयांपर्यंत धूळ होती. आई म्हणाल्या, आधी अंघोळ कर, मग पोहे देते.